'इन' ह्या दोन अक्षरांच्या शब्दापायी

क्रूसाची खूण लॅटिनमध्ये करताना ओठांवर जो पहिला शब्द येतो तो 'इन' हा होय. मराठीत तो स्वतंत्रपणे शोधू गेल्यास सापडत नाही. 'नावाने' ह्या शब्दाच्या अखेरीस 'ने' होऊन तो मुकाट्याने बसलेला आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत 'स्वर्गातील' असे आपण म्हणतो, तेव्हा तोच 'इन' 'त' होऊन येतो. मिस्सेत भाकरी आणि प्याला उंचावून धर्मगुरू जी स्तुती म्हणतात तिच्यात लॅटिनचे तीन इवलेसे शब्द एकापाठोपाठ येतात : पेर, कुम, इन. त्यांचा आशय आपण द्वारे, सह आणि ठायी अशा शब्दयोगी अव्ययांनी सांगू शकतो. लॅटिन मिस्सेच्या अखेरच्या वर्षांत वेदीसेवक म्हणून वावरलेल्या आमच्या पिढीने हे शब्द हजारदा उच्चारले. त्यांच्याकडे मान वळवून पाहिले मात्र नाही. मोठ्या शब्दांच्या मिरवणुकीत दिवट्या धरणाऱ्यांकडे कोण पाहतो?

एका येशूसंघीय धर्मगुरूने पाहिले. इतके पाहिले, की त्या पाहण्यापायी त्याच्या आयुष्याची साठाहून अधिक वर्षे खर्ची पडली, आणि संगणकाने माणसाची भाषा हाताळण्याच्या शास्त्राचा इतिहास लिहिताना त्याचे नाव आरंभीच घ्यावे लागते. त्या धर्मगुरूचे नाव फादर रोबेर्तो बुसा.

फादर बुसा ह्यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९१३ रोजी उत्तर इटलीतील व्हिचेन्झा ह्या नगरात झाला. बेल्लुनोच्या सेमिनरीत ते शिकत असता आल्बिनो लुचानी नावाचा तरुण त्यांच्या वर्गात होता. हाच तरुण पुढे १९७८ साली पहिले जॉन पॉल ह्या नावाने परमगुरू झाला आणि अवघ्या तेहतीस दिवसांत देवाघरी गेला. बुसा १९३३ साली येशूसंघात दाखल झाले, १९४० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि युद्धकाळात त्यांनी सैनिकांची आध्यात्मिक सेवा केली. प्राध्यापक होण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती. गोरगरिबांत जाऊन काम करावे असे त्यांच्या मनात होते. वरिष्ठांनी विचारले, 'प्राध्यापक व्हायला आवडेल का?' बुसांनी साफ नकार दिला. त्यावर वरिष्ठांनी त्यांना प्राध्यापकच करायचे ठरविले, असे ते पुढे हसत सांगत. आज्ञापालनाच्या व्रतात अशीही एक गंमत असते.

डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला तो संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या लेखनातील 'उपस्थिती' ह्या कल्पनेचा. देव जगात उपस्थित आहे, आत्मा देहात उपस्थित आहे, ख्रिस्त पवित्र साक्रामेंतात उपस्थित आहे, ही वाक्ये धर्मशिक्षणाच्या पहिल्याच पुस्तकात मुलांना भेटतात. परंतु 'उपस्थित आहे' म्हणजे नेमके काय? तेराव्या शतकातल्या त्या महापंडिताने ह्या शब्दाने काय सांगितले, हे त्याच्याच वाक्यांतून काढायचे होते.

बुसांनी साहजिकच 'प्रेझेन्स' आणि 'प्रेझेन्त्सिया' ह्या लॅटिन शब्दांचा माग काढला. थॉमसच्या ग्रंथांच्या विषयसूची त्यांच्या हाताशी होत्या. पंधराव्या शतकात पीटर ऑफ बर्गामो ह्या दोमिनिकन धर्मबंधूने तयार केलेली सूची तर नावाप्रमाणे 'सुवर्णसूची' म्हणूनच मान्यता पावलेली. सूची पाहता पाहता बुसांच्या लक्षात आले, की उपस्थितीविषयी थॉमसला जे सांगायचे आहे त्याचा गाभा 'उपस्थिती' ह्या शब्दात नाहीच. हा शब्द कडेला उभा आहे. गाभा आहे तो 'इन' ह्या अव्ययात. अमुक अमक्यात आहे, असे थॉमस जेथे म्हणतो तेथे तेथे तो उपस्थितीचाच विचार करीत असतो.

आता अडचण अशी, की जगातील कोणतीही विषयसूची 'इन' हा शब्द नोंदीत नाही. सूची करणारा देव, कृपा, पाप, आत्मा असे भारदस्त शब्द नोंदवितो. 'मध्ये' हा शब्द कुठे कुठे आला हे कोण लिहून ठेवणार? बुसांनी स्वतः बसून सुमारे दहा हजार कार्डे हाताने लिहिली. 'इन' असलेले वा त्याच्याशी निगडित असलेले एकेक वाक्य एकेका कार्डावर. मग ती कार्डे टेबलावर मांडायची, जुळवायची, मोडायची, पुन्हा मांडायची. पत्त्यांचा एकट्याने खेळायचा भलामोठा डाव, असे त्यांनीच त्याचे वर्णन केले आहे. १९४६ साली प्रबंध पुरा झाला, १९४९ साली तो छापला गेला.

येथे थोडे मागे जाऊन पाहणे आवश्यक आहे. कारण शब्द वेचून अर्थ शोधण्याची ही खटपट ख्रिस्तसभेत नवी नव्हती. १२३० च्या सुमारास पॅरिसमधील सेंट जाक मठात ह्यू ऑफ सेंट शेर ह्या दोमिनिकन पंडिताच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची पहिली मोठी शब्दसूची तयार झाली. पाचशे धर्मबंधू ह्या कामाला लागले होते अशी परंपरा आहे. आकडा ऐकीव असेल, पण काम एकट्याचे नव्हते हे निश्चित. बायबलच्या अध्यायांना तेव्हा वचनांचे क्रमांक नव्हते. म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना सात अक्षरे दिली आणि शब्द कोणत्या भागात आहे ते टिपले. पण त्या सूचीत नुसतेच ठिकाण होते, वाक्य नव्हते. शब्द सापडे, तो तेथे काय करीत आहे ते कळण्यासाठी मूळ ग्रंथ उघडावा लागे. थोड्याच काळात इंग्लंडमधून आलेल्या दोमिनिकनांनी दुसरी सूची केली आणि प्रत्येक शब्दासोबत त्याच्या शेजारचे शब्दही दिले. आमच्या मते भाषेच्या अभ्यासातले हे फार मोठे पाऊल होते. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवाचून कळत नाही, हे त्या धर्मबंधूंनी कोणताही सिद्धान्त न मांडता लेखणीने मान्य केले. स्वतः थॉमस काही वर्षांनी ह्याच सेंट जाक मठात राहून शिकले आणि त्यांनी शिकविलेही.

बुसांना मात्र आता केवळ 'इन' नव्हे, तर थॉमसने लिहिलेला प्रत्येक शब्द हवा होता, आणि तोही शेजाऱ्यांसह. एक कोटीहून अधिक शब्दांचा हा ऐवज. हाताने कार्डे लिहीत बसल्यास अनेक जन्म पुरले नसते. यंत्राची मदत मिळेल काय हे पाहण्यासाठी ते १९४९ साली अमेरिकेला गेले. विद्यापीठांमागून विद्यापीठे पालथी घातली आणि अखेर नोव्हेंबर महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन ह्यांच्या दारी येऊन बसले.

ह्या भेटीची हकिकत बुसांनी अनेकदा सांगितली आहे. प्रतीक्षाकक्षात कंपनीचे एक पत्रक त्यांच्या नजरेस पडले. कठीण काम आम्ही तत्काळ करतो, अशक्य कामाला मात्र थोडा अधिक वेळ लागतो, अशा आशयाची बढाई त्यावर होती. ते पत्रक हाती घेऊनच ते आत गेले. वॉटसनसाहेबांच्या टेबलावर त्यांच्या तज्ज्ञांचा अहवाल तयारच होता : हे काम आमच्या यंत्रांना जमणारे नाही. बुसांनी पत्रक पुढे केले. आपल्याच कंपनीचे शब्द असे अंगावर आलेले पाहून वॉटसन विरघळले, आणि एका अटीवर मदतीला तयार झाले. इंटरनॅशनल बिझनेस मशिन्सचे इंटरनॅशनल बुसा मशिन्स करू नका, एवढीच ती अट होती.

तेव्हाची यंत्रे म्हणजे आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा संगणक नव्हे. जाड कागदाचे कार्ड, त्याला ऐंशी उभे रकाने. ठरावीक जागी छिद्र पाडले की अक्षर उमटले असे समजायचे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत छिद्रांच्या कार्डांची पद्धत प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. डोकी मोजण्यासाठी घडविलेली ही यंत्रे, पुढे पगाराचे आणि विम्याचे हिशेब करू लागली. पॉल टॅस्मन ह्या आयबीएमच्या तंत्रज्ञाच्या साह्याने बुसांनी तीच यंत्रे थॉमसच्या वाक्यांना जुंपली. एकेक ओळ कार्डावर छिद्रांत उतरवायची. मग यंत्राने त्या ओळीतील प्रत्येक शब्दाचे वेगळे कार्ड काढायचे. ती कार्डे वर्णानुक्रमे लावायची. आणि शेवटी छापायची. १९५१ साली पहिला नमुना पुस्तकरूपाने निघाला. त्यासाठी निवडलेला मजकूर होता थॉमसच्या नावावर असलेली उपासनागीते. ख्रिस्तशरीराचा सण १२६४ साली परमगुरू चौथे उर्बन ह्यांनी साऱ्या ख्रिस्तसभेसाठी सुरू केला आणि त्याची उपासना थॉमसने रचली अशी परंपरा आहे. साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी आपल्या वाडवडिलांनी जी लॅटिन गीते पाठ म्हटली ती त्या परंपरेतलीच. यंत्राने प्रथम ज्या भाषेची शब्दसूची केली ती अशी प्रार्थनेची भाषा होती.

ह्यापुढचे काम बुसांनी मिलानजवळच्या गाल्लाराते गावी उभारले. १९५६ साली तेथे केंद्र सुरू झाले. त्यासोबत कार्डांना छिद्रे पाडण्याचे शिक्षण देणारी एक शाळाही होती. शिकणाऱ्या बहुतेक तरुण मुली. बोटे लॅटिन अक्षरांवरून चालत, दुसरी मुलगी तीच ओळ पुन्हा उतरवून चूक पकडे. बहुतेकींना लॅटिन येत नव्हते. त्या ज्या वाक्याची छिद्रे पाडीत होत्या त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता, आणि कामाला तो लागतही नव्हता. पण मिस्सा तेव्हा इटलीतही लॅटिनमध्येच होती; आणि 'इन' हा शब्द तर इटालियन भाषेतही जसाच्या तसा आहे. म्हणजे त्या साऱ्या पानात एखादा शब्द त्यांना खात्रीने कळत असेल, तर तो हाच.

ह्या मुलींची नावे छापील ग्रंथांत शोधून सापडत नाहीत. त्यांची छायाचित्रे उरली, माणसे विस्मृतीत गेली. अलीकडच्या काळात मेलिसा टेरास आणि जुलियान नायहन ह्या संशोधक स्त्रियांनी त्यांचा शोध घेतला, हयात असलेल्यांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदविल्या. २०२२ साली नायहन ह्यांचे त्यावर पुस्तकही आले. फादर बुसांविषयी आम्हांला अपार आदर आहे, परंतु हा हिशेब त्यांच्या खाती बाकीच राहतो. सुमारे एक कोटी वीस लाख कार्डे, त्यांचे वजन पाचशे टन, हे आकडे बुसांनीच लिहून ठेवले आहेत. ती छिद्रे ज्या बोटांनी पाडली त्यांची यादीही त्याच काळजीने ठेवता आली असती.

यंत्राने शब्द लावले. अर्थ लावला नाही. हा फरक गाल्लारातेत रोज समोर येई. लॅटिनमध्ये 'एस्त' म्हणजे 'आहे'. पण 'खातो' ह्या अर्थाच्या क्रियापदाचेही एक रूप नेमके 'एस्त' असेच होते. यंत्राला दोन्ही कार्डे सारखीच. उलट 'एस्त', 'सुन्त', 'फुइत' ही एकाच क्रियापदाची रूपे. यंत्र ती तीन निरनिराळ्या ढिगांत टाकणार. मराठी वाचकास हे सांगायला नको : 'वर' म्हणजे माडीवर, देवाने दिलेला तो वर, आणि मांडवात उभा असलेला तोही वरच. कोणते रूप कोणत्या शब्दाचे हे लॅटिन जाणणाऱ्या माणसांनी बसून ठरविले. यंत्राच्या तासांपेक्षा माणसांचे तास कितीतरी पटींनी अधिक लागले, हे बुसा स्वतःच आवर्जून सांगत. तीस वर्षांनी, १९७४ ते १९८० ह्या काळात, 'इन्देक्स थोमिस्तिकुस' ह्या नावाने छप्पन्न खंड छापून निघाले. पाने सुमारे सत्तर हजार.

इकडे बुसा 'इन' गोळा करीत होते, आणि तिकडे त्याच आयबीएममध्ये हान्स पेटर लून नावाचे दुसरे तंत्रज्ञ तो फेकून देत होते. शास्त्रीय लेखांचे सारांश यंत्राकडून काढून घ्यावेत अशी लून ह्यांची योजना होती. १९५८ सालच्या निबंधात त्यांनी ती मांडली. लेखात जे शब्द वारंवार येतात ते महत्त्वाचे. मात्र अतिशय वारंवार येणारे जे अव्ययादी बारके शब्द, ते सर्वत्रच येतात म्हणून ते आधी गाळावेत. व्यवहाराला हे उत्तम लागू पडले. पुढे कित्येक दशके ग्रंथालयांची आणि माहितीच्या शोधाची यंत्रे असे शब्द गाळूनच चालली. लून ह्यांची चूक नव्हती. त्यांना लेख कशाविषयी आहे हे हवे होते. थॉमसला काय म्हणायचे आहे हे बुसांना हवे होते. दोन्ही 'अर्थ'च, पण पहिला अर्थ मोठ्या शब्दांत सापडतो आणि दुसरा त्यांना जोडणाऱ्या बारक्या शब्दांत.

ह्याच सुमारास यंत्राकडून भाषांतर करून घेण्याची मोठी हवा होती. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएम आणि जॉर्जटाऊन हे येशूसंघीयांचे विद्यापीठ ह्यांनी मिळून साठाहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर यंत्राकडून करून दाखविले. शब्द अडीचशे, व्याकरणाचे नियम सहा. वर्तमानपत्रांनी तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होणार असे जाहीर केले. त्या उत्साहावर पाणी ओतले ते येहोशुआ बार-हिलेल ह्या जेरुसलेमच्या तत्त्वज्ञाने. मजेची गोष्ट ही, की यंत्र-भाषांतरावर पूर्णवेळ काम करण्यासाठी जगात प्रथम नेमला गेलेला विद्वान हाच. १९६० साली त्याने एक साधे इंग्रजी उदाहरण पुढे केले. एक लहान मुलगा आपली खेळण्यांची पेटी शोधतो आहे. ती अखेर सापडते. ती 'पेन'मध्ये असते. इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी, आणि लहान मुलाला खेळायला सोडतात ते कुंपणही. आपल्याला क्षणभरही शंका येत नाही. कारण लेखणी पेटीत मावते, पेटी लेखणीत मावत नाही, हे आपण जाणतो. पण हे कोणत्या शब्दकोशात लिहिले आहे? कोणत्या व्याकरणात? बार-हिलेलचा मुद्दा असा, की असे अगणित ज्ञान यंत्रात भरणे अशक्य, म्हणून निर्दोष यंत्र-भाषांतरही अशक्य.

सारे लक्ष 'पेन' ह्या शब्दाकडे जाते. आम्हांस वाटते, वाक्याचा खरा खटका दुसरीकडे आहे. तेथे 'मध्ये' नसते, तर कोडेच उद्भवले नसते. हा बारका शब्द बजावतो, की जे आत आहे ते लहान आणि ज्यात आहे ते मोठे असले पाहिजे. म्हणून 'पेन'ने आपला अर्थ बदलला. बुसांनी दहा हजार कार्डांवर ज्याचा पाठलाग केला तोच हा शब्द.

१९६६ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि यंत्र-भाषांतराला मिळणारा पैसा आटला. त्याविषयी बुसांचे मत पुढे, वयाच्या नव्वदीत, छापले गेले आहे. दोष यंत्रांच्या वेगाचा किंवा स्मरणशक्तीचा नव्हता, असे ते म्हणतात. आपण माणसेच आपल्या भाषेविषयी पुरेसे जाणत नव्हतो. यंत्राने मागितलेली माहिती द्यायला पंडितांकडे ती होतीच कुठे?

आता थॉमसकडे वळू. कारण 'इन'विषयी त्याने जे सांगितले ते बार-हिलेलच्या पेटीला थेट उलटे आहे. देव सर्व वस्तूंत आहे काय, हा प्रश्न त्याने आपल्या 'सुम्मा'च्या पहिल्या भागात, आठव्या प्रकरणात घेतला आहे. देव वस्तूंत असेल तर वस्तू देवाला सामावून घेतात असे होईल, आणि हे तर विपरीत, असा आक्षेप तो स्वतःच उभा करतो. उत्तर असे : जड वस्तू दुसऱ्या कशात असतात तेव्हा ती दुसरी वस्तू त्यांना सामावून घेते. परंतु आत्मिक तत्त्वाचे उलट असते. ते ज्यात असते त्यालाच ते सामावून घेते. आत्मा देहात आहे, ह्याचा अर्थ देहाने आत्म्याला धरून ठेवले आहे असा नव्हे, तर आत्म्याने देहाला. त्याच प्रकरणात पुढे 'उपस्थिती' हा शब्दही येतो; पण तो मर्यादित अर्थाने. राजा आपल्या राज्यात सत्तेने सर्वत्र असतो, उपस्थितीने मात्र नसतो. उपस्थिती म्हणजे नजरेच्या टप्प्यात असणे. म्हणजे बुसांनी पकडले ते अचूक होते. 'उपस्थिती' हा 'असण्या'च्या अनेक प्रकारांतला एक; सारे प्रकार एकत्र बांधणारा शब्द 'इन'. आणि पवित्र साक्रामेंताविषयी लिहिताना थॉमस निक्षून सांगतो, की ख्रिस्ताचे शरीर तेथे आहे, पण वस्तू जागेत असते तसे नव्हे. अव्यय तेच; अर्थ पेटीतला नव्हे.

हा लेख लिहिण्याच्या निमित्ताने आम्हीही घरात एक लहानसा खेळ मांडला. योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय घेतला, वेल आणि फांद्यांचा. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या आणि जेथे जेथे 'त', 'आत', 'मध्ये' किंवा 'ठायी' आले ते वाक्य एकेका चिठ्ठीवर लिहिले. जेवणाच्या टेबलावर ढीग पडू लागले. फांदी वेलात असते. पण भात पातेल्यात असतो तशी नव्हे, ती वेलातून निघालेली असते. शिष्यांनी प्रभूमध्ये राहायचे आणि प्रभूने शिष्यांमध्ये; हे तर पेटी आणि कुंपण ह्यांना कधीही साधणारे नाही. दोन पेट्या एकमेकींच्या आत कशा राहतील? घरच्या मुलांनी ह्या चिठ्ठीवर बराच वेळ वाद घातला. चिठ्ठी कोणत्याच ढिगात गेली नाही.

आणि एक गोष्ट त्या टेबलावर ध्यानात आली. लॅटिनचा 'इन' निदान सुटा उभा राहतो. मोकळ्या जागेने तो ओळखू येतो. मराठीचा 'त' शब्दाला चिकटतो, आणि चिकटताना शब्दाचे रूपही बदलतो : रस्ता, रस्त्यात, पाणी, पाण्यात, वाट, वाटेत. यंत्राला सांगावे, 'शेवटी त असेल ते सारे वेच', तर ते 'घरात' आणि 'मनात' यांच्यासोबत भात, वात, हात, रात आणि जात हेही निमूटपणे आणून ठेवील. 'तो जात आहे' मधला 'जात' वेगळा, धान्य दळण्याच्या जात्याच्या तोंडाशी बसून विचारावी अशी माणसाची 'जात' वेगळी, आणि ह्यांपैकी एकातही सप्तमी नाही. 'भात'मध्ये काय आहे, असे यंत्राने विचारले तर आपण काय सांगणार? संगणकाला मराठी शिकवू पाहणाऱ्यांना म्हणूनच आधी शब्दाची ही शेपटी सोडविण्याचे किचकट काम करावे लागते. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मराठीचा जो 'शब्दबंध' विणला गेला, त्यात एकाच अर्थाचे शब्द एकत्र बांधून त्यांचे परस्परांशी नाते दाखविले आहे. तेथेही नामे, क्रियापदे, विशेषणे आणि क्रियाविशेषणे येतात. विभक्तीचे प्रत्यय नव्हेत. दिवट्या धरणारे पुन्हा बाहेरच.

दरम्यान जगातले संशोधन दुसऱ्या वाटेने पुढे गेले. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, ही गोष्ट १९५७ साली जे. आर. फर्थ ह्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने सिद्धान्त म्हणून मांडली होती. हे गृहस्थ १९२० च्या दशकात लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्लंडच्या दोमिनिकनांनी सातशे वर्षांपूर्वी सूचीत जे केले होते त्याचेच हे शास्त्र. २०१३ नंतर ही कल्पना संगणकात प्रचंड प्रमाणावर उतरली. अब्जावधी वाक्यांतील शेजार मोजून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक माळ द्यायची. सारख्या संगतीच्या शब्दांच्या माळा जवळ येतात. २०१७ साली अशी रचना निघाली, की वाक्यातला प्रत्येक शब्द इतर प्रत्येक शब्दाकडे किती लक्ष देतो हेही मोजले जाऊ लागले. आज जी यंत्रे मराठीतही बऱ्यापैकी सफाईने उत्तरे देतात ती ह्या वंशातली. बार-हिलेलची पेटी ती आता सहसा योग्य जागी ठेवतात. त्यांना ती समजली काय, ह्यावर पंडितांत एकमत नाही; आणि आम्ही त्या वादात निकाल देऊ इच्छीत नाही. एवढे मात्र दिसते, की ह्या नव्या यंत्रांनी बारके शब्द गाळले नाहीत. लून ह्यांनी टाकलेले शब्द वेचून घेतल्यावरच त्यांना वाक्य बोलता येऊ लागले.

फादर बुसा ९ ऑगस्ट २०११ रोजी गाल्लाराते येथे वारले, वय सत्त्याण्णव. छप्पन्न खंडांचा तो ऐवज त्यांच्या हयातीतच प्रथम चकतीवर आणि २००५ साली इंटरनेटवर आला होता. म्हातारपणी त्यांना नव्याने जे हवे होते ते वाक्यांचे अन्वय. कोणता शब्द कोणावर अवलंबून आहे, 'इन' कोणाला कोणाशी बांधतो, हे थॉमसच्या प्रत्येक वाक्याबाबत त्यांना नोंदवायचे होते. मिलानच्या कॅथोलिक विद्यापीठात मार्को पास्सारोत्ती आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००६ च्या सुमारास हे काम हाती घेतले. यंत्र आधी एक अंदाज मांडते. मग लॅटिन जाणणारा माणूस वाक्य वाचतो आणि रेघ चुकली असेल तेथे ती पुसून दुसरी ओढतो.